उधाणाची वाट पाहणारी जहाजं

२०११ सालच्या जूनमध्ये, पाऊस नुकताच सुरू झालेला असताना, जुहूच्या वाळूत एक जहाज येऊन बसलं. नाव ‘एमव्ही विस्डम’. नेमका शनिवार-रविवार. पोराबाळांना घेऊन लोक जहाज बघायला आले, भुट्टेवाल्यांची चंगळ झाली. मीही त्या गर्दीत होतो. ओल्या वाळूत उभं राहिल्यावर चारी बाजूंनी एकच प्रश्न ऐकू येत होता: ‘अहो, टग आणलेत ना, मग ओढून का नाही काढत?’ (टग म्हणजे मोठी जहाजं ओढणारी छोटी, दणकट बोट.) शेजारचे एक काका तर छातीठोकपणे सांगत होते की दोन बुलडोझर लावा, तासाभरात मोकळं होईल. विस्डम तिथे जवळपास तीन आठवडे होतं.

काकांना तेव्हा कुणी उत्तर दिलं नाही. उत्तर आहे, आणि ते बऱ्यापैकी गमतीचं आहे. त्यासाठी आधी जहाज तिथे आलं कसं ते बघू.

विस्डमचं आयुष्य संपलेलं होतं. कोलंबोहून ते गुजरातेतल्या अलंगला भंगारात निघालं होतं, तेही टगच्या मागे दोराला बांधून. अशा जहाजाला दर्यावर्दी लोक ‘डेड शिप’ म्हणतात. यंत्रं बंद, वीज नाही, माणसं नाहीत. दोर तुटला तर नांगर टाकायलासुद्धा वर कुणी नसतं.

आणि दोर तुटतो. उघड्या समुद्रात टग आणि मागचं जहाज एका लाटेवर नसतात. एक वर चढत असतं तेव्हा दुसरं उतरत असतं. दोर कधी सैल पडतो, कधी झटक्यात ताठ होतो. म्हणून जाणता टगवाला दोर शेकडो मीटर लांब सोडतो. त्याच्या स्वतःच्या वजनाने मध्ये पाण्यात झोळ पडतो आणि तो झोळ स्प्रिंगसारखा झटके गिळून टाकतो. पण किनारा जवळ आला, पाणी उथळ झालं, की झोळ तळाला घासायला लागतो आणि दोर आखडता घ्यावा लागतो. आखडलेला दोर झटका गिळत नाही. विस्डमचा दोर मुंबईजवळ तुटला. पावसाळ्यात आपल्याकडचा वारा समुद्राकडून जमिनीकडे, त्यामुळे सुटलेलं जहाज किनाऱ्याकडे येणार हे ठरलेलंच. वांद्रे-वरळी सागरी सेतूला न लागता ते जुहूला लागलं हे मुंबईचं नशीब.

त्यानंतर दीड महिन्याने त्याच किनाऱ्याला दुसरं जहाज लागलं. ‘एमटी पवित’ नावाचं हजारेक टनांचं छोटं टँकर. याची गोष्ट तर कादंबरीत शोभावी अशी. जूनच्या शेवटी ओमानजवळ त्यात पाणी शिरलं, त्यावरच्या १३ भारतीय खलाशांना ब्रिटिश नौदलाच्या ‘सेंट ऑल्बन्स’ या युद्धनौकेने उचललं आणि जहाज बुडालं असं धरून चालण्यात आलं. ते बुडालं नव्हतं. महिनाभर एकटंच अरबी समुद्रात वाहत ३१ जुलैला ते जुहू-वर्सोव्याच्या वाळूवर आलं. २६/११ला तीन वर्षं होत नाहीत तोच एक अख्खं जहाज कुणाच्या लक्षात न येता मुंबईच्या चौपाटीपर्यंत पोचतं, यावर तेव्हा जे रामायण झालं ते वेगळ्या लेखाचं आहे.

आता काकांचा प्रश्न.

तरंगणाऱ्या जहाजाचं सगळं वजन पाणी पेलत असतं, म्हणून हजारो टनांचं धूडसुद्धा लहानसा टग सहज हलवतो. जहाज वाळूवर बसतं आणि ओहोटी लागते तेव्हा पाण्याचा हा आधार कमी होत जातो. किती? आकडा मांडून बघू. समजा जहाज १०० मीटर लांब आणि १६ मीटर रुंद आहे. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, ते निमुळतं असतं, म्हणून पाण्याच्या रेषेवर त्याचं क्षेत्रफळ धरू १,२८० चौरस मीटर. पाणी एक सेंटिमीटर खाली गेलं की तेवढ्या जागेतल्या पाण्याचा आधार गेला, म्हणजे साधारण १३ टन. एक सेंटिमीटरला १३ टन! पाणी एक मीटर उतरलं तर १,३०० टन वजन आता वाळूच्या डोक्यावर आहे. एवढं लोखंड वाळूवरून घसरवायचं तर ढोबळमानाने त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा जोर लागेल, म्हणजे चारशे टनांच्या वर. बंदरातला चांगला टग साठेक टनांनी ओढतो. म्हणजे सात-आठ टग हवेत, तेही पावसाळी लाटांमध्ये आणि अशा उथळ पाण्यात, जिथे टग स्वतःच रुतायचे.

पण त्याच जहाजाखाली पाणी ७० सेंटिमीटर चढू द्या. वाळूवर उरले ३९० टन. जोर लागेल १३० टन. दोन-तीन टग पुरे. म्हणजे ओढण्याचं निम्म्याहून जास्त काम समुद्र फुकटात करतो. फक्त त्याच्या वेळेवर. (काकांच्या बुलडोझरने मात्र दोर बांधलेला खुंटाच जहाजाच्या डेकमधून उपटून हातात आला असता.)

ही वेळ कोळीवाड्यात कुणालाही विचारा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणात भरती उंच चढते आणि ओहोटी खोल उतरते, भांगात पाणी जेमतेम वरखाली होतं. मुंबई महापालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस छापते, ते सगळे उधाणाचेच. आता पवितचं पंचांग मांडा. ३० जुलै २०११ला आषाढी अमावास्या, आपली गटारी. दुसऱ्या दिवशी पवित वाळूवर. म्हणजे ऐन उधाणात, पाणी सगळ्यात उंच असताना ते वर येऊन बसलं. हे सगळ्यात वाईट, कारण त्यानंतर रोज भरती थोडी थोडी लहानच होत जाते. तेवढं पाणी परत यायला पुढचं उधाण उजाडावं लागतं. ते आलं नारळी पौर्णिमेला, १३ ऑगस्टला. आणि पवित निघालं ते ऑगस्टच्या मध्यातच. विस्डम जूनमध्ये पौर्णिमेच्या तोंडावर आलं आणि ज्येष्ठ अमावास्येनंतर, जुलैच्या पहिल्या आठवड्यात गेलं. सुएझ कालव्यात अडकलेलं ४०० मीटर लांबीचं ‘एव्हर गिव्हन’ तरी निराळं काय? नाळेखालची हजारो घनमीटर वाळू उपसली, टग लावले, पण ते सुटलं २९ मार्च २०२१ला. आपल्याकडे धुळवड होती त्या दिवशी. आदल्या दिवशी फाल्गुनी पौर्णिमा. अशी कामं करणारे लोक पंचांग बघत नाहीत, भरतीचं कोष्टक बघतात. पण दोन्ही चंद्रावरूनच काढलेली असतात.

मधल्या दिवसांत काय चालतं

उधाणाची वाट बघायची म्हणजे हात बांधून बसायचं नाही. अडकलेल्या जहाजाला मोकळं करणाऱ्या किंवा बुडत्याला सावरणाऱ्या धंद्याला ‘सॅल्व्हेज’ म्हणतात आणि तो करणाऱ्याला ‘सॅल्व्हर’. सॅल्व्हर आल्यावर पहिल्यांदा कधीकधी एक विचित्र काम करतो: जहाजाच्या टाक्यांमध्ये पाणी भरून ते आणखी जड करतो. बघणाऱ्याला वाटतं, याचं डोकं फिरलं. पण वादळी हवेत हलकं जहाज प्रत्येक लाटेबरोबर उचललं जातं, आपटतं आणि आणखी वर, किनाऱ्याकडे सरकतं. म्हणून त्याला आधी खाली दाबून धरायचं आणि उधाणाच्या दिवशी तेच पाणी उपसून हलकं करायचं.

दुसरं काम इंधन काढण्याचं. मोठी जहाजं जे फर्नेस ऑइल जाळतात ते डांबराचं भावंड असतं. थंड झालं की इतकं घट्ट होतं की पंप चालत नाही. एरवी ते जहाजावरच्या वाफेने गरम ठेवतात, पण जहाजाची यंत्रणा बंद पडली की वाफ कुठली? मग बाहेरून बॉयलर आणा, टाकीपर्यंत पोचा, तेल तापवा, उपसा. हे सगळं जहाज ओढण्याच्या आधी, कारण ओढताना बूड फाटलं तर टाकीतलं तेल थेट किनाऱ्यावर.

त्याची चव मुंबईने आदल्या वर्षीच घेतली होती. ७ ऑगस्ट २०१०च्या सकाळी न्हावा शेव्याहून निघालेलं ‘एमएससी चित्रा’ आणि मुंबई बंदरात येणारं ‘खलिजिया-३’ यांची टक्कर झाली. चित्रावर १,२१९ कंटेनर होते. जहाज असं कलंडलं की त्यातले तीनएकशे पाण्यात पडले आणि बंदराच्या वाटेत तरंगू लागले. अर्धवट बुडालेला कंटेनर रात्री दिसत नाही, रडारवर धड उमटत नाही आणि भरधाव जहाजाला तो खडकासारखाच. मुंबई आणि न्हावा शेवा ही दोन्ही बंदरं काही दिवस बंद ठेवावी लागली. काही कंटेनरांमध्ये कीटकनाशकं होती. शेकडो टन तेल सांडलं, खारफुटीच्या मुळांवर काळा थर बसला, आणि ऐन श्रावणाच्या तोंडावर लोकांनी भीतीने मासळी घेणं सोडलं. कोळणींचा त्यात काय दोष होता?

जहाज थोडं कलतं आणि मग एकदम का कलंडतं, हेही इथेच सांगतो. परातीत पाणी घेऊन चालून बघा. परात जराशी तिरकी झाली की सगळं पाणी त्या बाजूला धावतं आणि परात आणखी तिरकी होते. जहाजाच्या पोटात शिरलेलं मोकळं पाणी हेच करतं. म्हणून जहाजाचं पोट आडव्या-उभ्या भिंतींनी कप्प्याकप्प्यांत तोडलेलं असतं, आणि म्हणूनच आग विझवताना ओतलेल्या पाण्यानेही जहाज उलटू शकतं.

बिल कोण भरणार

हा भाग रुक्ष वाटेल, पण जहाज निघतं की तिथेच अडकून राहतं हे पुष्कळदा इथेच ठरतं.

या धंद्याचा जुना करार लंडनच्या लॉइड्स या विमा बाजाराचा. त्याच्या माथ्यावरच लिहिलेलं असतं: ‘नो क्युअर, नो पे’. बरं झालं नाही तर फी नाही. सॅल्व्हर स्वतःच्या खर्चाने टग, माणसं, पंप आणतो. जहाज वाचलं तर वाचलेल्या जहाज-मालाच्या किमतीतून त्याला बक्षीस मिळतं, आणि किती ते नंतर लवाद ठरवतो. नाही वाचलं तर गेला खर्च पाण्यात. भावाची घासाघीस आधी करायची नाही हा या कराराचा खरा फायदा, कारण बुडत्या जहाजावर घासाघीस करायला वेळ नसतो. ती केली तर काय होतं ते १६ मार्च १९७८ला फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ दिसलं. ‘अमोको कॅडिझ’ या टँकरचं सुकाणू बंद पडलं. ‘पॅसिफिक’ नावाचा जर्मन टग आला. टगच्या कप्तानाला लॉइड्सचा करार हवा होता, टँकरच्या कप्तानाला साधं ओढण्याचं भाडं द्यायचं होतं. कित्येक तास हा वाद चालला. करार मान्य होईपर्यंत दुपार टळली होती, आणि रात्री जहाज खडकावर गेलं. दोन लाख वीस हजार टनांच्या वर तेल समुद्रात सांडलं.

आता हाच करार जुहूच्या दोन जहाजांना लावून बघा. विस्डम भंगारात चाललेलं, पवित सोडून दिलेलं. वाचवून वाचणार किती रुपये? बक्षीस वाचलेल्या किमतीतून मिळतं, आणि इथे किंमतच नगण्य. अशा जहाजासाठी कुठलाही सॅल्व्हर स्वतःचा पैसा लावून जुगार खेळणार नाही. मग विमा कंपनीने नाहीतर सरकारने ठरावीक पैसे देऊन काम करून घ्यायचं. विमाच नसला किंवा मालक फोन उचलत नसला, तर प्रश्न जिथल्या तिथे. याच अनुभवातून भारताने २०१२ साली नियम केले, की परदेशी जहाजाने आपल्या बंदरात यायचं तर अवशेष हटवण्यापर्यंतचा विमा दाखवावा लागेल. नैरोबी इथे झालेला आंतरराष्ट्रीय करारही हेच म्हणतो: अवशेष काढायचा खर्च मालकाचा, आणि ३०० टनांवरच्या जहाजाकडे त्यासाठीचा विमा हवा. तो करार २०१५मध्ये अमलात आला.

नियम झाले म्हणून गोष्ट संपली नाही. ३ जून २०२०ला निसर्ग वादळात ‘बसरा स्टार’ नावाचं जहाज रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर येऊन आपटलं. १३ खलाशी सुखरूप सुटले. जहाज मात्र पुढे कित्येक वर्षं तिथेच, धूपप्रतिबंधक बंधाऱ्याला टेकून. लोक त्याच्यासमोर सेल्फी काढत, लग्नाआधीची फोटोसेशन होत, लाटा त्याला बंधाऱ्यावर आदळत राहत. आता तुम्हाला त्याचं एक कारण सांगावंच लागणार नाही. वादळाने पाणी नेहमीच्या उधाणापेक्षा वर चढवलं होतं. एवढं वर गेलेल्या जहाजाला परत न्यायला साधं उधाण पुरत नाही, पुन्हा तसलंच वादळ लागेल. दुसरं कारण पैशाचं, ते वर आलंच.

मग ‘सोडून दिलेलं जहाज, ज्याला मिळेल त्याचं’ असं का नाही? हा गोड गैरसमज कोकणात मी चहाच्या टपरीवर ऐकलाय. मालकाने पाठ फिरवली तरी मालकी सुटत नाही. किनाऱ्याला लागलेला मालही कुणाचा तरी असतो, त्यावर सीमाशुल्क लागतं, आणि तो उचलून घरी नेणं म्हणजे सरळ चोरी. तसंच एक उलट टोक: माणसं वाचवण्याचं बक्षीस मागता येत नाही. पवितवरच्या खलाशांना उचलल्याचं बिल कुणी पाठवलं नाही. समुद्रात जीव वाचवणं हे कर्तव्य, मालमत्ता वाचवणं हा व्यवसाय, अशी ही जुनी वाटणी आहे.

मालाच्या मालकांना मात्र एक धक्का हमखास बसतो. त्याचं नाव ‘जनरल ॲव्हरेज’. इथल्या ‘ॲव्हरेज’चा अर्थ सरासरी नाही, जुन्या दर्यावर्दी भाषेत त्याचा अर्थ नुकसान. नियम असा, की जहाज आणि सगळा माल वाचवण्यासाठी जाणूनबुजून केलेला खर्च किंवा त्याग सगळ्यांनी आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. समजा जहाज ६० कोटींचं, माल ४० कोटींचा आणि वाचवण्याचा खर्च १० कोटी. म्हणजे दहा टक्के. त्यात इचलकरंजीच्या एखाद्या व्यापाऱ्याचं २० लाखांचं कापड असेल, तर त्या कापडावर पाण्याचा थेंबही पडलेला नसताना त्याने २ लाख भरायचे किंवा तेवढी हमी द्यायची, तेव्हा माल मिळणार. एव्हर गिव्हनच्या मालकाने हेच जाहीर केलं. त्याच्यावर १८ हजारांच्या वर कंटेनर होते. एकेकाचा हिस्सा काढत बसणारी माणसं या धंद्यात पोट भरतात. शिवाय सुएझ कालव्याच्या प्राधिकरणाने सुरुवातीला ९१ कोटी ६० लाख डॉलर मागितले आणि समझोता होईपर्यंत, ७ जुलैपर्यंत, जहाज अडवून ठेवलं. त्यावरचे २५ भारतीय कर्मचारीही या भानगडीत सापडले. सागरी विमा न काढणाऱ्या लहान निर्यातदाराला मी तरी वेडा म्हणेन.

आणि जहाजाला अटकही होते, अगदी कायद्याच्या भाषेत. २५ मे २०२५ला ‘एमएससी एल्सा ३’ कोचीपासून काही अंतरावर ६४० कंटेनर घेऊन बुडालं. बुडालेल्या जहाजाला काय अटक करणार? केरळ सरकारने ९,५३१ कोटींचा दावा लावला आणि उच्च न्यायालयाने त्याच समूहाचं विळिंजम बंदरात आलेलं दुसरं जहाज अडवून ठेवायचा हुकूम दिला. भारतात हा अधिकार २०१७च्या ॲडमिरल्टी, म्हणजे सागरी दाव्यांच्या, कायद्याने किनारी राज्यांच्या उच्च न्यायालयांना दिलेला आहे.

सुटल्यावर

मोकळं झालेलं जहाज लगेच वाटेला लागत नाही. आधी पाणबुडे खाली जाऊन बूड तपासतात. भेग असेल तर तिच्याभोवती आतून लाकडी पेटी ठोकतात आणि लवकर धरणारं सिमेंट ओततात. होय, घराच्या गळतीला लावतो तेच. सिमेंटची पेटी लावून जहाजं समुद्र ओलांडून दुरुस्तीला जातात. पक्कं काम सुक्या गोदीत. मुंबईला या कामाची जुनी सवय आहे; लवजी वाडिया यांनी १७५०मध्ये इथे बांधलेली सुकी गोदी आशियातली पहिली मानतात. गोदीत पाणी भरायचं, जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी उपसायचं आणि जहाज आधी मांडून ठेवलेल्या ठोकळ्यांवर अलगद बसवायचं. मग चेपलेला पत्रा कापून काढतात, आतल्या वाकलेल्या फासळ्या बदलतात, नवा पत्रा वेल्ड करतात, प्रत्येक सांधा तपासतात.

ऐकायला सोपं. ५ डिसेंबर २०१६ला मुंबईच्या नौदल गोदीत दुरुस्तीनंतर पाणी भरून ‘आयएनएस बेतवा’ ही युद्धनौका बाहेर काढायची होती. अर्धवट तरंगताना ती ठोकळ्यांवरून घसरली आणि कुशीवर आडवी झाली. दोन नौसैनिक गेले. पूर्ण तरंगणारं जहाज स्थिर असतं, ठोकळ्यांवर पूर्ण बसलेलंही स्थिर असतं. धोका असतो तो या दोन्हींच्या मधल्या काही मिनिटांत, जेव्हा थोडं वजन पाण्यावर आणि थोडं लाकडावर असतं. वाळूवरच्या जहाजाचं गणित तेच. बेतवा पुन्हा सरळ करायला फेब्रुवारी उजाडला आणि त्यासाठी बाहेरून सॅल्व्हर बोलवावे लागले.

दुरुस्तीचा खर्च जहाजाच्या किमतीपेक्षा जास्त निघाला, तर विम्याच्या हिशेबात ते जहाज संपलं. ते भंगारात जातं, आणि आपल्याकडे भंगार म्हणजे अलंग. तिथे धक्का नाही, क्रेनखाली जहाज लावायला गोदी नाही. खंबायतच्या आखातात भरती प्रचंड चढते. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण गाठून, इंजिन पूर्ण वेगात ठेवून, कप्तान जहाज सरळ किनाऱ्यावर चढवतो. ओहोटी लागली की ते वाळूवर उघडं पडतं आणि कामगार गॅस कटर घेऊन आत शिरतात. विस्डमला जायचं होतं ते इथेच.